सेहेचाळीस रविवार

माणूस खोटं बोलतोय हे ओळखायची एकच रीत मला एकतीस वर्षांच्या पोलीस नोकरीत सापडली. त्याला चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. खरं बोलणारा चहा पितो आणि मघाचंच पुन्हा सांगतो. खोटं बोलणारा चहा पितो आणि जास्तीचं काहीतरी सांगतो. यात माझी दहातून तीनदा चूक व्हायची. वरच्या लोकांना तीन चुका खपेनात, म्हणून त्यांनी 'पारख' आणली.

पारख म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, वर्दीच्या डाव्या खिशावर लावायचं. समोरच्याची बुबुळं किती फिरतात, पापणी किती वेळा लवते, प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू व्हायला किती वेळ जातो, हात काय करतायत, हे सगळं ती मोजते. हृदयाच्या दर ठोक्याला गालाच्या कातडीचा रंग किंचित बदलतो. आपल्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून ती नाडीसुद्धा मोजते, हात न लावता. तिला हजारो तासांच्या पोलीस चौकश्यांच्या चित्रफिती दाखवल्या होत्या आणि त्यांतून तिनं एक सरासरी माणूस बांधला. हा माणूस कुठल्याच गावात राहत नाही. प्रश्न विचारला की पाऊण सेकंदात उत्तर देतो, दोन-तीन सेकंद डोळ्यांत बघतो, मग नजर जराशी हलवतो. तुम्ही या गृहस्थापासून जितके लांब, तितका तुमचा आकडा मोठा. शून्य ते शंभर. साठ ओलांडले की पोलिसाच्या छातीवर थरथर होते.

खोटं म्हणजे काय, हे पारखला ठाऊक नाही. वेगळं म्हणजे काय, एवढंच ठाऊक आहे. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी हे आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं. चहाची सुट्टी होईपर्यंत ते सगळ्यांच्या लक्षात होतं.

ठाण्यातली पोरं तिला 'छातीवरची सासू' म्हणायची. पहिल्या वर्षी सासूनं पकडून दिलेल्यांत तोतरे होते, कमी ऐकू येणारे होते, तापानं फणफणलेला एक रिक्षावाला होता, आणि नवऱ्याची तक्रार द्यायला आलेल्या, खालमानेनं बोलणाऱ्या सात बायका होत्या. सात मी मोजल्या. मी ठाणे अंमलदार. दारातून आत आलेला प्रत्येक माणूस आणि त्याची वेळ आधी माझ्या स्टेशन डायरीत उतरते, मग तो साहेबांपुढं जातो. म्हणून मला मोजायची सवय आहे. मोजण्यापलीकडं काही करायची सवय नव्हती.

हवालदार त्रिशला मगदूम आमच्या उत्तर वेस ठाण्याची. ठाण्यात तिच्याइतकी चांगली फिर्याद कुणी लिहीत नसे, आणि हे तिला पक्कं माहीत असल्यामुळं दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदाकडं ती नासलेल्या दुधाकडं बघावं तशी बघायची. तिचा मुलगा सन्मती, वय तेवीस, स्वमग्न. डॉक्टर ऑटिझम म्हणतात, गल्लीतले 'जरा तसा आहे' म्हणतात. आमचं गाव दवाखान्यांचं, दर चौथी पाटी डॉक्टरची. त्या दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत सन्मती घड्या घालायचा. त्याची घडी उलगडून बघावी, कोपऱ्याला कोपरा.

सरकारनं अशा लोकांसाठी सोय केली होती. यादीत नाव द्या, पारख त्यांना वगळेल. मी त्रिशलाला म्हटलं, "दे की नाव. काय बिघडतंय?"

"अण्णा, तुम्ही यादी कशी वापरता?"

गणपती आले की आम्ही यादी काढतो, निवडणूक आली की यादी काढतो. सायकल चोरीला गेली, पोर हरवलं, की आधी यादीतली माणसं आणून बाकावर बसवतो. यादी मुळात कशासाठी केली होती ते वाचत बसायला कुणाला वेळ आहे? नावं आहेत, पत्ते आहेत, गाडी पाठवली की झालं.

"तेच म्हणते मी," त्रिशला म्हणाली. "परवा सुट्टीला यंत्र घरी नेलं होतं. त्याच्यासमोर धरलं. एकाहत्तर आला. माझ्याच पोराला माझंच यंत्र थरथरलं. मी त्याला शिकवणार आहे. पण माझ्यासमोर तो घरचाच राहतो. परका पोलीस पाहिजे. तुम्ही या रविवारी, वर्दीत या. आणि तोंड वाईट करून या."

"तोंडासाठी वेगळं काय करायला नको," मी म्हटलं.

असे आमचे रविवार सुरू झाले. मी दार वाजवायचो, ती पारख माझ्या खिशाला लावायची, आणि मी आवाज चढवून म्हणायचो, "ए, इकडं ये! नाव काय? कुठं चाललास?"

पहिल्या रविवारी सन्मती म्हणाला, "तुम्ही म्हमाणेकाका आहात."

"नाही. मी पोलीस."

"सोमवारी पोलीस असता. रविवारी काका असता."

"आज रविवारी पोलीस आहे मी."

त्यानं बराच विचार केला. "मग तुम्ही रविवारचे काका," त्यानं ठरवलं, आणि ते ठरलं.

त्रिशलानं फळ्यावर चार ओळी लिहिल्या. हात खाली. डोळ्यांत बघून मनात तीन मोजायचे. मग बोलायचं. शेवटी धन्यवाद म्हणायचं, म्हणजे पोलीस जातो. यातली दुसरी ओळ त्याला जमेना. "डोळ्यांत बघितलं की ऐकू येत नाही," तो म्हणाला. आठ रविवार तो हेच सांगत होता. मग त्रिशलानं युक्ती काढली, दोन भुवयांच्या मध्ये बघायचं. यंत्राला फरक कळत नाही. तो तिथं बघायला लागला, आणि मनात तीन मोजताना त्याच्या मानेची शीर टरटरून फुगायची. ती मला दिसायची. यंत्र शिरेला गुण देत नव्हतं, म्हणून मीही तिच्याकडं लक्ष दिलं नाही.

आकडा उतरत गेला. एकसष्ट, पन्नास, चौतीस. सेहेचाळिसाव्या रविवारी अठरा आला. माझा स्वतःचा बावीस येतो. त्रिशलानं शिरा केला, मला दोनदा वाढला.

"मी पास झालो," सन्मती म्हणाला. "आता नको ना हे?"

"आता रस्त्यावर रोज असंच करायचं," त्रिशला म्हणाली.

त्यानं वाटी खाली ठेवली. शिरा त्याला आवडायचा, तरी त्यानं पुन्हा हात लावला नाही. त्याला हे सगळं हवंय का, हे त्याला एकदा विचारावं, असं अकरा महिन्यांत आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. शिकणारे आम्हीच थोडे होतो? कोल्हापूर-सांगलीत पारख 'पास' करून देणाऱ्या शिकवण्या निघाल्या. खिसेकापू बाराच्या आकड्यानं हसत निघून जायला लागले. तेव्हा कंपनीनं 'पारख-४' काढली. तिच्यामागची कल्पना हुशारीची होती, ते मान्य करायला पाहिजे. खरा माणूस घड्याळासारखा वागत नाही. त्याची नजर एकदा दीड सेकंद टिकते, एकदा चार. तेच वाक्य दोनदा बोलला तर दुसऱ्यांदा सूर बदलतो. ज्याची नजर दरवेळी तीनच सेकंद, उत्तराआधीची थांबण्याची वेळ तीच, वाक्य तेच आणि सूरही तोच, त्याला कुणीतरी बसवून घोटलेलं आहे. अशा माणसाला पारख-४ लाल पट्टी लावणार होती. पट्टीवर शब्द, 'प्रशिक्षित'. म्हणजे टोळीचा माणूस.

चाचणीसाठी निवडलेल्या ठाण्यांत आमचं ठाणं होतं. परिपत्रक माझ्याच टेबलावर आलं. त्रिशला त्या महिन्यात कोर्टाच्या कामावर होती. मी परिपत्रक वाचलं, शिक्का मारला, फाईलला लावलं. नजर दरवेळी तीनच सेकंद, हे वाक्य मी डोळ्यांनी वाचलं, आणि डोक्यात भुवयांमधल्या त्या जागेचा पत्ताही उमटला नाही. याबद्दल माझी मलाच जी चीड आहे तिला कुठं ठेवू, हे मला अजून कळलेलं नाही.

मंगळवारी सकाळी सव्वादहाला शिपाई ओंकार भंडारेनं सन्मतीला ठाण्यात आणलं.

कामावर जाताना सन्मती एका बँकेच्या बाजूच्या भिंतीपाशी सात मिनिटं थांबायचा. तिथं हवा बाहेर टाकणारा मोठा पंखा आहे, तो बघायचा. बँकेचा पहारेकरी त्याला ओळखायचा, पाणी द्यायचा. त्या दिवशी पहारेकरी रजेवर होता, आणि भंडारे तीन आठवड्यांपूर्वी बदलून आलेला, सव्वीस वर्षांचा, छातीवरचं यंत्र सांगेल तसा वळणारा. पुढचं सगळं त्याच्याच पारखनं टिपलंय. मी ते नऊ वेळा बघितलं.

"ए, इकडं ये. नाव काय?"

सन्मतीचे हात खाली. मान वर. तीन सेकंद. "माझं नाव सन्मती जिनगोंडा मगदूम. मी लाँड्रीत कामाला चाललोय. माझी आई पोलीस आहे. धन्यवाद."

"बँकेपाशी काय करतोयस?"

तीन सेकंद. "माझं नाव सन्मती जिनगोंडा मगदूम. मी लाँड्रीत कामाला चाललोय. माझी आई पोलीस आहे. धन्यवाद."

यंत्र थरथरलं. चौऱ्याण्णव. लाल पट्टी.

"हे पाठ कुणी करून घेतलं तुझ्याकडून?"

सन्मतीला खोटं बोलता येत नाही. "रविवारच्या काकांनी."

"कोण रविवारचा काका?" म्हणत भंडारेनं त्याचं मनगट पकडलं.

अकरा महिने आम्ही त्या पोराला बघायला शिकवलं, थांबायला शिकवलं, बोलायला शिकवलं. पोलिसानं अंगाला हात लावला तर काय करायचं, हे शिकवलं नाही. का, तर पारख हात न लावता मोजते. ज्याचे गुण नव्हते त्याचा आम्ही अभ्यास घेतला नाही. आणि त्रिशला न सांगता त्याच्या खांद्यालाही हात लावत नसे, घरात ती आधी म्हणायची, "सन्मती, हात लावते हं."

त्यानं हिसडा दिला. भंडारे मागच्या नारळाच्या गाड्यावर आपटला, हनुवटी फुटली. मग भंडारे आणि एक होमगार्ड, दोघांनी मिळून सन्मतीला रस्त्यावर पालथा घातला. पाठीवर गुडघा, डावा हात मागं पिळलेला. चार मिनिटं दहा सेकंद. तेवढ्या वेळात तो अकरा वेळा 'धन्यवाद' म्हणाला. धन्यवाद म्हटलं की पोलीस जातो, असं आम्ही सांगितलं होतं ना.

ठाण्यात आला तेव्हा त्याचा कोपर भलत्याच दिशेला होता. मी निरीक्षक राजहंसांच्या खोलीत गेलो. राजहंस साहेब दिसायला रुबाबदार. आरशाला आणि वरिष्ठांना दोघांनाही आवडतील असे. त्यांनी तोवर वर फोटो पाठवलासुद्धा होता, आमच्या ठाण्याचा पारख-४ चा पहिला 'प्रशिक्षित' आरोपी म्हणून.

"साहेब, हा आपल्या मगदूमबाईंचा मुलगा आहे. टोळीबिळी काही नाही. त्याचा हात निखळलाय."

"मगदूमबाईंचा?" त्यांनी फोनकडं नजर टाकली. मग म्हणाले, "अण्णा, फोटो वर गेलाय. आणि आपल्या माणसाला सव्वा इंच जखम आहे. सरकारी कामात अडथळा, हल्ला. ते तर खरंच आहे ना? दवाखान्याचं नंतर बघू. तुम्ही जुने आहात, मला एक सांगा. गावात रविवारचा काका म्हणून कोण आहे?"

मी चार फुटांवर उभा होतो. वर्दीत.

"बघतो, साहेब," मी म्हणालो.

बाहेर आलो आणि डायरीत नोंद केली. 'आरोपीची प्रकृती ठीक. तक्रार नाही.' ही ओळ आम्ही सगळ्यांसाठी लिहितो, दारुड्यासाठी, खुन्यासाठी. लिहिताना समोरच्याकडं बघायचं असतं, हे आमच्यातल्या कुणाच्या लक्षात नाही. भंडारेच्या हनुवटीला मात्र पावणेअकरालाच दोन टाके पडले, चौकातल्या दवाखान्यात. तो परत येऊन माझ्यासमोर बाकावर बसला.

"अण्णा, मला आकडा दिसला. चौऱ्याण्णव. मी काय करणार?"

"आणि त्याचा हात मोडताना दिसला नाही?"

"हाताचा आकडा येत नाही," तो म्हणाला. टोमणा म्हणून नव्हे, अगदी खरंखरं. तिथंच माझं डोकं सटकलं, पण मी ओरडणार कुणावर? हे पोरगं माझ्याच शाळेत शिकल्यासारखं बोलत होतं.

कोर्टात त्रिशलाचा फोन बंद. मी निरोप टाकून ठेवला. दोन वाजून दहा मिनिटांनी ती आली. लॉकअपमध्ये सन्मती कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून, डावा हात उजव्या हातानं धरून बसला होता. ती गजांपाशी खाली बसली.

"सन्मती."

त्यानं मान वळवली. तिच्या भुवयांच्या मध्ये बघितलं. तीन मोजले. "धन्यवाद," तो म्हणाला.

ती किंचाळेल असं मला वाटलं. ती उठली, रुमालानं तोंड पुसलं आणि साहेबांच्या खोलीत गेली. मी मागून गेलो.

राजहंसांनी कागद तयारच ठेवला होता. त्यांनी तो आवाज मऊ करून वाचून दाखवला. मुलगा आधीपासून हिंसक आहे. आईनं निष्काळजीपणानं त्याला एकटं सोडलं. त्याचं नाव यादीत घ्यायला आईची संमती आहे. "सही करा, बाई. मानसिक कारण दाखवून प्रकरण मिटवतो. तासाभरात पोरगं घरी."

"आधी दवाखाना."

"सही झाली की लगेच दवाखाना."

"साहेब, त्याचा कोपर बाहेर आलाय. चार तास झाले."

"आधी दवाखाना केला तर दवाखान्याचा कागद तयार होतो. तुम्ही पोलीस आहात, हे मी तुम्हाला सांगायचं?" ते हसले. "सही केली नाहीत तर उद्या कोर्ट, मग जेल. तिथं त्याला कोण सांभाळणार? बराकीत साठ माणसं असतात."

त्रिशलानं पेन उचललं. मला तिचा राग आला नाही. बराकीतली साठ माणसं तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली होती, माझ्याही राहिली.

पण कागद दिसला की तो शेवटपर्यंत वाचायची मला खोड आहे, आणि पारखचा अहवाल दुपारी मी शेवटपर्यंत वाचला होता. जोडपत्रं कुणी वाचत नाही. तिसऱ्या जोडपत्रात, आरोपी 'प्रशिक्षित' का ठरला, त्याचे जुळणारे नमुने दिले होते. मी ते पान तिच्यापुढं सरकवलं.

"सही करायच्या आधी एवढं बघ."

सेहेचाळीस नमुने. यंत्र क्रमांक ०४१७. पुढं तारखा. त्रिशला एकेक तारखेवरून बोट फिरवत गेली, आणि दहाव्या-बाराव्या ओळीला बोट थांबलं.

"अण्णा, हे सगळे रविवार आहेत."

"हो."

"०४१७ माझं यंत्र."

"हो."

आमच्या हे ध्यानातच नव्हतं की पारख घरी गेली तरी पारखच असते. तिनं बघितलेलं सगळं आपोआप वर जातं. तिथं कंपनीला घोटून घेतलेल्या वागण्याचे नमुने हवे होते, आणि आम्ही ते दर आठवड्याला पुरवत होतो. तेच घर, तेच दार, तोच प्रश्न, आणि आठवड्याला थोडं अधिक बिनचूक होत जाणारं एक पोर. 'प्रशिक्षित' माणूस कसा दिसतो हे पारख-४ ज्या नमुन्यांवरून शिकली, त्यात सन्मती होता. यंत्रानं टोळीबिळी काही ओळखली नव्हती. सन्मतीला बघून त्यानं सन्मतीला ओळखलं होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, हाच नमुना संच लागू करून तीन आठवड्यांत राज्यात तीनशे बारा जणांना लाल पट्टी. त्यांतल्या कितीजणांच्या आयांनी घरी फळा लावला होता, हे जोडपत्रात नव्हतं.

राजहंसांनी पान ओढून घेतलं. वाचलं. आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे खात्याचं यंत्र घरी वापरलंत? आणि हे सगळे रविवार तुम्हाला आधीच ठाऊक... अण्णा, रविवारचे काका तुम्ही?"

"मीच, साहेब."

"मग तर प्रश्नच मिटला." त्यांनी कागद पुन्हा त्रिशलापुढं ठेवला. "हे पान कुठं गेलं तर तुमची दोघांची नोकरी जाईल. सही करा, पान माझ्या कपाटात राहील. सगळे सुखी."

त्रिशलानं पेनाला टोपण लावलं. ती चालत माझ्या टेबलापाशी गेली आणि समोरच्या खुर्चीत बसली, जिथं फिर्याद द्यायला आलेला माणूस बसतो.

"अण्णा, फिर्याद घ्या."

मी संगणकावर फिर्यादीचं पान उघडलं. "फिर्यादीचं नाव?"

"सन्मती जिनगोंडा मगदूम, वय तेवीस, धंदा लाँड्रीकाम. तर्फे आई."

"आरोपी?"

"एक, शिपाई ओंकार भंडारे. दोन, होमगार्ड, नाव तपासात निष्पन्न होईल ते. तीन, पोलीस निरीक्षक राजहंस, जखमी इसमाला उपचार नाकारले आणि सहीसाठी अडवून ठेवलं. चार, हवालदार त्रिशला मगदूम." ती थांबली. माझ्याकडं बघितलं.

"लिहितो," मी म्हणालो. आरोपी क्रमांक पाच, सहायक फौजदार शंकर म्हमाणे. स्वतःचं नाव त्या रकान्यात टाइप करताना आधी बोट चुकलं. दुसऱ्यांदा नीट आलं.

"यंत्राचं काय?" मी विचारलं. "आरोपीच्या रकान्यात यंत्र बसत नाही."

"मग हकिकतीत घ्या. सगळे सेहेचाळीस, तारीखवार. आणि तीनशे बाराचा आकडा. तीनशे बारांतल्या एखाद्याचा तरी वकील वाचणारा निघेल."

"लिहायचं बंद करा!" राजहंस दारातून ओरडले. "बाई, तुम्ही स्वतःच्याच गळ्याला दोर लावताय! तुमच्या पोराला कोण बघणार?"

त्रिशला वळली. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "कोण बघणार? तुम्ही बघताय की सकाळपासून! सगळं ठाणं बघतंय! भंडारेच्या हनुवटीला टाके घालायला अर्धा तास लागला, आणि माझ्या पोराचा हात कपाटाच्या किल्लीसारखा अडकवून ठेवलात! मी त्याला तुमच्यासाठी वाकवलं, साहेब. अकरा महिने वाकवलं. तो सांगत होता, डोळ्यांत बघितलं की ऐकू येत नाही. मी आई असून ऐकलं नाही. आरोपी चार म्हणते ते उगाच नाही म्हणत."

भंडारे बाकावरून उठून उभा राहिला होता. त्यानं खिशावरची पारख काढून बाकावर ठेवली. ती उताणी पडून छताकडं बघत राहिली.

"अण्णा," राजहंस दात आवळून म्हणाले, "बटण दाबलंत तर उद्यापासून घरी."

आता फिर्याद नोंदली की मिनिटभरात न्यायाधीशांकडं पोचते, मागं ओढता येत नाही. मी बटण दाबलं. गुन्हा क्रमांक आला, दोनशे एकोणीस. मग स्टेशन डायरी उघडली. सव्वादहाची नोंद खोडता येत नाही, म्हणून तिच्याखाली नवी घातली: 'आरोपीची प्रकृती ठीक, ही वरील नोंद खोटी आहे. मी न बघता केली.' वेळ तीन वाजून चाळीस. सही.

किल्ली घेऊन मी लॉकअपचं दार उघडलं. सन्मती कोपऱ्यातच होता. मी सवयीनं हात पुढं केला आणि मागं घेतला. त्रिशला उंबऱ्यापाशी जमिनीवर बसली. मीही बसलो, गुडघे कुरकुरले.

"सन्मती, दार उघडं आहे," ती म्हणाली. "हात दाखवायला दवाखान्यात जायचं. तुला वाटेल तेव्हा ऊठ. कुणी हात लावणार नाही. कुणाकडं बघायचं नाही."

तो हलला नाही. साहेबांच्या खोलीत फोन वाजायला लागला. एक संपला की दुसरा. राजहंसांचा आवाज आधी मोठा होता, मग बारीक झाला, मग नुसतं 'हो सर, हो सर'. कुणीतरी आत येऊन विचारलं, उचलून बाहेर घेऊ का, आणि भंडारेच त्याला म्हणाला, "थांब की जरा."

बावीस मिनिटं लागली. मग सन्मती उठला, भिंतीच्या कडेकडेनं दारापर्यंत आला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "हात फार दुखतोय. सकाळपासून दुखतोय."

सकाळपासून त्याला नाव विचारलं होतं, काका विचारला होता, टोळी विचारली होती. दुखतंय का, हे कुणी विचारलं नव्हतं.

बाहेर गाडी उभी होती. "गाडीत नाही," तो म्हणाला. म्हणून चालत निघालो. तो पुढं, हात धरून, आणि आम्ही दोन आरोपी चार पावलं मागं. चौकातला दवाखाना यायला, मी मोजली, तीनशे ऐंशी पावलं लागली. पावणेसहा तास आम्ही तेवढं चाललो नव्हतो.